मियाटा सुटी करताना : काकांना जाहीर आभार

प्रिय काका,
सा. न. वि. वि.

माझी १९९० ची लाल मियाटा, म्हणजे माझदाची दोन सीटची, कापडी टपाची छोटी गाडी, सुटे भाग करून आता जवळजवळ सगळी विकली गेली. दारांखालचा पत्रा मागच्या चाकांपाशी कुजला, तेव्हा मी ती भंगारात घालणार होतो. ओहायोत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, गंजाचं हे कारण सगळेच सांगतात. तुम्ही मात्र कापडी टपाच्या मागे बोट घालून पानांचा लगदा बाहेर काढलात. पाणी जायची भोकं बुजली की ते खालच्या पत्र्याच्या पोकळीत साचतं आणि गाडी आतून कुजते. “सांगाडा गेला, बाकी माल चांगला आहे,” म्हणालात आणि शनिवारी पान्यांची पेटी घेऊन हजर झालात.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर हात बसलेला माणूस गाडी कशी खोलतो, ते मग पाहायला मिळालं. प्रत्येक भागाचे बोल्ट वेगळ्या पिशवीत, वर चिठ्ठी. उघडझाप होणारे पुढचे दिवे काढण्याआधी बॅटरीवर चालवून त्यांचा व्हिडिओ घ्यायला लावलात, कारण सुटी मोटर चालते यावर कोण विश्वास ठेवणार? स्टीअरिंगमधली एअरबॅग मात्र विकू दिली नाहीत. तिच्यात स्फोटक असतं, साध्या पार्सलने ती पाठवता येत नाही.

हार्डटॉपला, म्हणजे कापडी टपाऐवजी बसवायच्या कडक टपाला, गिऱ्हाईक शोधावं लागलं नाही. २००५ पर्यंतच्या मियाटाच्या दोन्ही पिढ्यांना तोच बसतो. ‘अर्ध्या किमतीत आत्ता उचलतो’ म्हणणाऱ्यांना उत्तरच द्यायचं नाही, हा तुमचा सल्ला मी आयुष्यात इतरत्रही वापरणार आहे. जुन्या होंडा सिव्हिकवाला मुलगा चाकं न्यायला आला. चार बोल्ट, त्यांच्या वर्तुळाचा व्यास १०० मिलिमीटर, दोन्ही गाड्यांना सारखंच, म्हणून खूश होता. आमच्या रिमचं मधलं भोक होंडाच्या हबपेक्षा (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या उंचवट्यापेक्षा) २ मिलिमीटर लहान आहे, हे सांगून तुम्ही त्याला रिकाम्या हाती परत पाठवलंत. मी मनात चरफडलो, खोटं कशाला बोलू?

इंजिनाच्या वेळी तर कमालच. क्रँकच्या, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, पुलीवरच्या खाचा मोजायला लावल्यात. चार निघाल्या. चार म्हणजे सुरुवातीचा आखूड नाकाचा क्रँक, ज्याचा पुढचा बोल्ट सैल झाला की कीवे, म्हणजे पुली घट्ट धरणाऱ्या चावीची खोबण, झिजतो. १९९१ मध्ये माझदाने तो बदलला, तेव्हापासून आठ खाचा. जाहिरातीत पहिला फोटो त्या चार खाचांचाच टाका, म्हणालात. किंमत उतरली. पण इंडियानाहून आलेल्या माणसाला फक्त सिलिंडर हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, हवं होतं. त्याने फोटो पाहूनच आपल्याला निवडलं आणि एका शब्दाची घासाघीस न करता आख्खं इंजिन नेलं.

पैशांचं नाव काढलं की तुम्ही विषय बदलता. म्हणून डाव्या दिव्याची मोटर मी विकायला काढलेलीच नाही. तुमच्या मियाटाचा डावा डोळा हल्ली अर्धाच उघडतो, ते मी पाहिलंय. रविवारी येऊन बसवतो. काकूंना सांगा, जेवायला थांबणार आहे.

तुमचा,
शेजारच्या गॅरेजातला