महाभारतापासून सुरू कर

पुणे

चि. मनवास अनेक आशीर्वाद.

भारतीय लेखकांची यादी मागितली होतीस. शंभर नावं लिहून पाठवता येतील, पण अशी यादी वहीतच राहते. त्यापेक्षा एकाच विषयावरची दोन-तीन पुस्तकं शेजारी ठेवून वाच.

पहिला विषय महाभारत. इरावती कर्वे यांचं ‘युगान्त’ आणि शिवाजी सावंतांचं ‘मृत्युंजय’, दोन्ही १९६७ची. सावंतांच्या कर्णाला डोक्यावर घेऊन ‘युगान्त’ उघडलंस, तर इरावतीबाईंचा राग येईल, इतका त्यांचा कर्ण निष्ठुरपणे तपासलेला आहे. म्हणून उलट क्रमाने वाच: आधी ‘युगान्त’, मग कादंबरी. ‘युगान्त’मधले लेख सुटे आहेत, कुठूनही उघड. फक्त मूळ कथा ठाऊक हवी, नाहीतर बाई नेमकं काय खोडून काढताहेत ते कळत नाही.

इरावतीबाईंचा आधार भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती. ती आपल्या विधी महाविद्यालय रस्त्यावर जुळत गेली. १९१९ ते १९६६, एकोणीस खंड. जुनी हस्तलिखितं ताडून पाहिली, मागाहून घुसलेले श्लोक तळटीपांत गेले. वस्त्रहरणाच्या वेळचा द्रौपदीचा कृष्णधावा मूळ संहितेत उरला नाही. टीव्हीवरच्या महाभारतावर वाढलेल्यांना हे पचत नाही.

त्यानंतर कन्नड कादंबरीकार भैरप्पांचं ‘पर्व’, उमा कुलकर्णींच्या मराठी अनुवादात. चमत्कार काढून टाकलेलं महाभारत आहे. पात्रांची लांबलचक मनोगतं आणि मागे-पुढे जाणारा काळ, यात पहिल्या शंभर पानांतच लोक हरवतात. कुरुवंशाची वंशावळ कागदावर काढून पुस्तकात खुणेला ठेव. जोडीला दुर्गाबाई भागवतांचं ‘व्यासपर्व’ हवंच. आकाराने लहान, पण एका दिवसात एकच लेख वाच.

दुर्गाबाईंचं ‘ऋतुचक्र’ मात्र सलग वाचूच नकोस. बारा महिन्यांचे लेख आहेत, चालू महिन्याचा तेवढाच घ्यायचा. पुढच्या सुट्टीत इथे आलीस की तो घेऊन वेताळ टेकडीवर जाऊ.

आठवणी आणि प्रवासवर्णनांत आवृत्ती बघून घे, इथेच फसगत होते. गोडसे भटजींचं ‘माझा प्रवास’, १८५७च्या धामधुमीत सापडलेल्या वरसईच्या भिक्षुकाचं, १९०७ साली चिं. वि. वैद्यांनी छापलं ते मजकुरात फेरफार करून. दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून केलेली आवृत्ती माग. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घेताना मुखपृष्ठावर ‘संक्षिप्त’ लिहिलेलं नाही ना, ते पाहा.

हिंदीत प्रेमचंदांचं ‘गोदान’ (१९३६) मुळातून वाच, मराठी माणसाला ती हिंदी जड जात नाही. फणीश्वरनाथ रेणूंचं ‘मैला आँचल’ त्यानंतर. त्यातली बिहारच्या पूर्णिया भागातली बोली कानाला लागेपर्यंत वेळ लागतो, म्हणून परिच्छेद मोठ्याने वाचायचे. इतर भाषांतली पुस्तकं अनुवादात घेताना आतल्या पानावर अनुवादकाचं नाव शोध. नावच नसेल तर प्रत परत ठेव.

‘युगान्त’ आणि ‘ऋतुचक्र’ अप्पा बळवंत चौकातून घेऊन याच आठवड्यात पार्सलने पाठवते. ‘गोदान’ तिकडेच घे, कुठल्याही हिंदी दुकानात मिळेल.

तुझी,
आई