रोमन साज आणि बिदरीची गल्लत

संपादक महोदय,

रोमन घोडदळाच्या साजावरचा पुरवणीतला लेख वाचनीय होता, पण ‘ही तर आपली बिदरीच’, म्हणजे बीदरची काळ्या धातूवरची चांदीची नक्षीच, हे त्यातले विधान टिकणारे नाही. काळ्या-पांढऱ्या नक्षीमुळे तसा भास होतो. कृती मात्र नेमकी उलटी आहे.

बिदरीची वस्तू जस्ताची, त्यात थोडेसे तांबे. कलमाने खाच कोरून चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात, चांदी वितळवत नाहीत. मग बीदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर कालवून लावले की जस्त काळे पडते, चांदी तशीच राहते. म्हणजे काळ्यात पांढरे.

रोमन साजात पांढऱ्यात काळे. जर्मनीतल्या क्सांटेनचा, आता ब्रिटिश म्युझियममध्ये असलेला पहिल्या शतकातला संच घ्या. पितळेवर चांदीचा मुलामा आणि कोरलेल्या खाचांत नीएलो, म्हणजे धातू आणि गंधक एकत्र भाजून केलेला काळा माल. एका चकतीवर टिंबांनी प्लिनी या घोडदळाच्या अधिकाऱ्याचे नाव ठोकले आहे. तो ‘नॅचरल हिस्टरी’ लिहिणारा रोमन ग्रंथकार थोरला प्लिनीच, असे मानतात. चांदी काळी करण्याची कृती त्याच्याच ग्रंथात आहे: चांदी, तिच्यात पातळ तांबे, चांदीइतके गंधक, मातीच्या भांड्याचे तोंड लिंपून झाकण आपोआप उघडेपर्यंत तापवायचे. नीएलोची पूड खाचेत भरून, मऊ होईतो तापवून दाबतात. आच जास्त झाली तर गंधक उडते, थराला भोके पडतात. आचही कित्येकशे अंशांची लागते आणि जस्त ४१९ अंशांनाच वितळते. बिदरीवर हा प्रयोग केला तर काळे बसण्याआधी भांड्याचाच गोळा होईल!

स्थानिक कारागिरीचा खरा ठसा पाहायचा तर ब्रिटनकडे वळावे. वेल्समधल्या सेव्हन सिस्टर्सच्या साठ्यात रोमन लष्करी साजाबरोबर तिथल्या कारागिरांचे लाल मिन्याचे, म्हणजे धातूवर वितळवून बसवलेल्या रंगीत काचेचे, काम सापडले. हा लाल रंग नाजूक. तो काचेतल्या तांब्याचा. तापवताना हवा लागली की हिरवट होतो.

लेखातला तेरच्या, म्हणजे प्राचीन तगरच्या, व्यापाराचा दाखलाही सैल आहे. ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक सागरी व्यापाराच्या वर्णनात तगर पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर आहे, पण तिथून भडोचला जायचे ते मुख्यतः कापड. आणि बिदरी बहामनी काळातली. क्सांटेनच्या साजानंतर तेराशेहून अधिक वर्षांची.

शेवटी चौकटीतल्या, बिदरी चिंचेने घासण्याच्या सूचनेबद्दल. तसे करू नये. आंबटाने वरचा काळा थर निघतो. मऊ सुती फडक्याने पुसून खोबरेल तेलाचा हलका हात फिरवावा. ही दुरुस्ती तेवढी छापावी, कारण लेख वाचून कोणी चिंच भिजत घातली असेल.

– धातुकलेचा एक अभ्यासक, धाराशिव