विटांना आधी पाणी पाजायला शिकवणाऱ्या मिस्त्रीकाकांना

आदरणीय मिस्त्रीकाका,
सा. न.

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याची वाटणी झाली आणि स्वयंपाकघरातून धाकट्या काकांकडे जाणारं दार विटांनी बुजवलं गेलं. त्या विटा 9 वर्षं उघड्याच राहिल्या. आई जेवायला पाट मांडते तो बरोबर त्यांच्यासमोर. एवढ्याशा कामाला गवंडी मिळेना, तेव्हा यंदा वैशाखात मीच घमेलं आणि थापी घेऊन उभी राहिले.

रात्री लावलेला गिलावा सकाळी ओट्याखाली पडलेला होता. आवाज ऐकून तुम्ही वर आलात. उरलेल्या भागावर थापीच्या मुठीने टकटक केलंत, बद्द आवाज आला. "बेन, विटा तहानलेल्या होत्या. तुमच्या मालातलं पाणी त्यांनीच पिऊन टाकलं."

मग दोन दिवस तुम्ही स्टुलावर बसून होतात, पण थापी एकदाही हातात घेतली नाहीत. किती सोपं होतं तुम्हाला ती घेणं! मी सगळं पाडलं. सांधे अर्धा इंच खोल खरवडले. विटा पाणी घटाघट ओढेनाशा होईपर्यंत भिजवल्या, वरचं पाणी निथळू दिलं. दाराच्या दोन्ही बाजूंचा जुना चुन्याचा गिलावा तुम्ही 6-6 इंच काढायला लावलात आणि सांध्यावर जाळी ठोकून घेतलीत. नव्या विटा आणि जुनी भिंत सारख्या हलत नाहीत, जाळी नसेल तर वर्षभरात दाराचा आकार चिरेने पुन्हा उमटेल, म्हणालात. ते ऐकून माझ्या पोटात कसंसंच झालं. ते दार बुजलं तेव्हा आजी तिथेच उभी होती.

माल 1 सिमेंटला 5 चाळलेली वाळू, अर्ध्या तासात संपेल एवढाच. जुना गिलावा इंचभर जाड, म्हणून आपला दोन थरांत. पहिल्यावर खिळ्याने आडवेतिडवे ओरखडे, म्हणजे दुसरा धरून राहतो. पाटा, म्हणजे लांब सरळ फळी, दोन्हीकडच्या जुन्या भिंतीवर टेकवून, नागमोडी हलवत खालून वर ओढायचा. माझा हात चौथ्या ओढीला बसला. तेव्हा तुम्ही ओळंबा सोडून बघितलात. तुमचा गुजराती 'ओळंबो', आमचा मराठी 'ओळंबा', दोरी एकच.

7 दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं. आठव्या दिवशी तुम्ही टॉर्च भिंतीला लावून तिरपा उजेड टाकलात. वर डावीकडे तळहाताएवढी खोलगट जागा दिसली, ती तुम्ही बोटाने दाखवलीत आणि म्हणालात, "आता टकटक करा." मी केलं. आवाज भरीव आला, सगळीकडे.

काका, मला शिकवायची तुम्हाला काही गरज नव्हती. तुम्ही तुमचे दोन दिवस दिलेत आणि चहाशिवाय काही घेतलं नाहीत. मी मनापासून तुमची ऋणी आहे. आईने रविवारी पुरणपोळी करायचं ठरवलंय. घरच्यांना घेऊन या. पाट त्याच भिंतीशी मांडू.

तुमची,
समोरच्या वाड्यातली बेन