अट कुलपातच असू द्या

संपादक महाशय,

आरोग्य नोंदी ऑनलाइन होण्याबद्दलचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. मी एका रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात तीस वर्षं केस पेपर सांभाळले. रॅकची किल्ली माझ्या कमरेला असायची. कोणती फाइल कोणाला द्यायची ते माणूस बघून ठरवायचो. संगणक आले आणि वर्षभरात काउंटरच्या मॉनिटरवर पासवर्डची पिवळी चिठ्ठी चिकटली. त्या एका शब्दावर वॉर्डबॉयपासून विम्याच्या एजंटापर्यंत कोणीही कोणाचाही रिपोर्ट वाचावा! माझ्या मेहुणीचा रिपोर्ट तिच्या हातात पडण्याआधी तिच्या सासरी पोचला होता.

‘डेटा एन्क्रिप्टेड आहे’, म्हणजे माहिती गणिती कुलपात बंद आहे, हे लेखातलं वाक्य खोटं नाही. पण कुलूप सर्व्हरच काढून देतो, कोणाला द्यायचं तेही तोच ठरवतो. सर्व्हर फुटला की सगळंच उघडं.

अमित सहाई आणि ब्रेंट वॉटर्स या संगणकशास्त्रज्ञांनी 2005 मध्ये वेगळी वाट दाखवली. 2007 मध्ये जॉन बेथेनकोर्ट यांच्यासह तिचं रुग्णालयांना उपयोगी पडेल असं रूप मांडलं. गुणधर्माधारित कूटलेखन म्हणा. नाव बोजड, गोष्ट साधी. फाइल बंद करतानाच तिच्यात अट गुंफायची : ‘हृदयरोग विभाग आणि डॉक्टर’. किल्ली माणसाच्या नावाची नसते, त्याच्या हुद्द्याची आणि विभागाची असते. अट जुळली तरच फाइल उघडते, मग ती कोणाच्याही सर्व्हरवर पडलेली असो. मला सगळ्यात आवडलं ते हे, की हृदयरोग विभागातला कारकून आणि हाडांचे डॉक्टर यांनी किल्ल्या एकत्र केल्या तरी काम होत नाही. प्रत्येकाच्या किल्लीत त्याचा स्वतःचा वेगळा यादृच्छिक, म्हणजे कसाही निवडलेला, अंक मिसळलेला असतो, त्यामुळे एकाचे तुकडे दुसऱ्याच्या तुकड्यांना बसत नाहीत. आमच्याकडे मात्र ‘जरा तुझं लॉगिन दे रे’ एवढ्यावर भागायचं.

अडचणी आहेतच. नोकरी सोडून गेलेल्याची किल्ली परत घेता येत नाही. मुदत घालून ती पुन्हा पुन्हा नवी द्यावी लागते. उघडलेल्या पानाचा मोबाइलवर फोटो काढणाऱ्याला तर कुठलंच गणित अडवत नाही.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेत कुचराई केल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. पण तो दंड रिपोर्ट फुटल्यानंतरचा; मेहुणीला त्याचा काय उपयोग?

एक गोष्ट लेखात यायला हवी होती. या पद्धतीत सगळ्यांना किल्ल्या देणाऱ्या कचेरीकडे एक मूळ किल्ली असते आणि तिने सगळंच उघडतं. हा अधिकार अनेक संस्थांत वाटून देण्याची रीत ॲलिसन ल्यूको आणि वॉटर्स यांनी 2011 मध्ये मांडली आहे. आपल्याकडे ती किल्ली कोणाच्या कमरेला असणार आहे?

— एक निवृत्त रेकॉर्ड कीपर, सातारा