माहेरी गेलेली बाई डॅशबोर्डवर हरवते : आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य व कुटुंब कल्याण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : आरोग्य विभागाच्या माहितीवर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या इंटर्नशिपबाबत.

महोदय,

सादर नमस्कार.

मी एम.एस्सी. संख्याशास्त्राची विद्यार्थिनी आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आम्हाला पहिल्या वर्षी चार श्रेयांकांचं ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ करावं लागतं. कॉलेजात सगळे त्याला नुसतं ओजेटी म्हणतात. १२० तास भरायचे आणि सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र आणायचं. वर्गातल्या बऱ्याच जणांनी ते ओळखीच्या सीएच्या ऑफिसात नाहीतर कोचिंग क्लासमध्ये उरकलं. मला मामांच्या ओळखीने एका जिल्ह्याच्या आरोग्य विभागात जागा मिळाली. जिल्ह्याचं नाव लिहीत नाही. तिथल्या माणसांनी मला चहापासून रजिस्टरपर्यंत काहीच नाकारलं नाही, आणि मी जे सांगणार आहे ते त्या एकाच कार्यालयाचं दुखणं असेल असं मला वाटत नाही.

पहिल्याच दिवशी साडेअकराच्या सुमारास माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक एक्सेल फाइल येऊन पडली. सोबत एक ओळ : ‘ही क्लीन करून द्या.’ उघडली तर गरोदर बायकांची नावं, नवऱ्यांची नावं, मोबाइल नंबर, गाव, आधीची बाळंतपणं, गर्भपात, हिमोग्लोबिन, एचआयव्ही तपासणी. मी तोवर एकाही कागदावर सही केली नव्हती. कॉलेजचं ओळखपत्र पर्समध्येच होतं, ते कुणी मागितलंच नव्हतं. फाइलमध्ये माझ्या मावशीचं गाव होतं. मी तिथून पटकन पुढे गेले, पण जाण्याआधी एक ओळखीचं आडनाव वाचलं होतं. खोटं कशाला बोलू?

एचआयव्हीबद्दलची माहिती गुप्त ठेवण्याचा कायदा २०१७ सालचा आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. २०२२च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि देशातल्या एका नामांकित सरकारी रुग्णालयाचा कारभार कित्येक दिवस हातानं लिहून चालवावा लागला, तेव्हा आपण सगळे हळहळलो. पण मला ती फाइल मिळवायला कसलाही हल्ला करावा लागला नाही. ती मला कौतुकाने दिली गेली. ही माहिती जिथे भरतात त्या सरकारी पोर्टलचा पासवर्डही मॉनिटरच्या कडेला चिठ्ठीवर चिकटवलेला होता, कारण डेटा एन्ट्रीची माणसं बदलत राहतात आणि महिनाअखेरीस काम थांबवून चालत नाही. त्या चिठ्ठीमागची घाई मला कळते, म्हणून कुणाला दोष देत नाही.

आता कामाबद्दल. राज्यात दहा हजारांवर उपकेंद्रं आणि अठराशेवर प्राथमिक आरोग्य केंद्रं आहेत. प्रत्येकाचा दरमहा अहवाल केंद्र सरकारच्या एचएमआयएस या आरोग्य-माहितीच्या पोर्टलवर जातो. ही पद्धत २००८ पासूनची. त्याशिवाय माता-बालकांसाठी आरसीएच, क्षयरोगासाठी निक्षय, साथरोगांसाठी आयएचआयपी, आणि वर प्रत्येकाच्या आरोग्य-ओळखीचा चौदा आकडी आभा क्रमांक. आमच्या पुस्तकात ‘बिग डेटा’ची जी व्याख्या आहे, तिच्यात हे सगळं आरामात बसतं. मीही त्याच थाटात गेले होते. पहिल्या आठवड्यात मी नवजात बाळांच्या वजनांचा आलेख काढला. पाठ्यपुस्तकात असतो तसा गोल डोंगर येईल अशी अपेक्षा होती. आला तो मनोरा. बरोबर अडीच किलोवर ताठ उभा, आणि त्याच्या डाव्या बाजूला एकदम खड्डा.

अडीच किलोच्या खालचं बाळ कमी वजनाचं धरतात, हे आपल्याला सांगायला नको. मी त्या मनोऱ्याला ‘मापनातली त्रुटी’ असं नाव देऊन मोकळी झाले असते. पण दुसऱ्या आठवड्यात एक गाडी लसीकरणाच्या सत्रासाठी उपकेंद्राकडे निघाली होती, तिच्यात जागा होती, म्हणून मी बसले. तिथल्या सिस्टरना, म्हणजे उपकेंद्राच्या परिचारिकेला, मोबाइलवर आलेख दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, बघितलं आणि हसल्या.

“ताई, काटा शंभर ग्रॅम इकडंतिकडं दाखवतो. दोन किलो चारशे लिहिलं की बाळ कमी वजनाचं झालं. मग आशाच्या फेऱ्या वाढल्या, माझ्या भेटी वाढल्या. त्याचं काही नाही, ते कामच आहे. पण मीटिंगमध्ये मला उभं करून विचारतात, ‘तुमच्याकडंच का जास्त?’ ”

या एका वाक्यात जे कळलं ते कॉलेजात एका सत्रात कळलं नव्हतं. जी बाई खरं वजन लिहिते तिलाच जाब द्यावा लागत असेल, तर आकडे हळूहळू अडीचवर जाऊन बसणारच. मग ज्या बाळाला जास्त भेटींची गरज आहे ते कागदावर धडधाकट ठरतं. वर बसून कितीही भारी सॉफ्टवेअर घेतलं तरी ते हा मनोरा सपाट करून देईल, पण ते बाळ शोधून देणार नाही.

दुसरी गोष्ट माझ्या फजितीची आहे. मी एक मॉडेल बनवलं होतं : नोंदणी झालेली कोणती गरोदर बाई पुढे ‘गळेल’, म्हणजे तिच्या बाळंतपणाची नोंद होणार नाही, हे आधीच सांगणारं. कॉलेजातले सर खूश होते. मॉडेलने जी ‘जोखमीची’ यादी दिली तिच्यात भराभर विशी-बाविशीतल्या, पहिल्या खेपेच्या मुली आल्या. मी सिस्टरना विचारलं, या मुली सातव्या-आठव्या महिन्यानंतर दवाखान्यात यायच्या का बंद होतात? भीती वाटते का? घरचे सोडत नाहीत का?

“अहो, पहिलटकरणी आहेत त्या. ओटी भरली की माहेरी जातात. तुमचा कॉम्प्युटर म्हणतोय हरवली, आणि ती आईच्या हातचं गरम गरम खातेय.”

मी मराठी घरात जन्मले, वाढले. माझ्या स्वतःच्या बहिणीचं बाळंतपण आमच्याकडे झालं. तरी लॅपटॉपसमोर बसल्यावर मला माहेर आठवलं नाही. आणि ज्यांनी हे रकाने आखले त्यांनाही बहुधा आठवलं नसावं. बाई सासरच्या गावात नोंदवली जाते. मोबाइल नंबर नवऱ्याचा असतो. माता-बाल संरक्षण कार्ड घाईत सासरी राहतं. माहेरच्या सिस्टर तिला नव्याने नोंदवतात, आठव्या महिन्यात. म्हणजे एक बाई एका तालुक्यात ‘गळाली’ आणि दुसऱ्या तालुक्यात ‘उशिरा नोंदणी झाली’. दोन्हीकडच्या सिस्टरना दोन वेगळी बोलणी. जुना क्रमांक शोधायचा म्हटलं तर नाव रोमन लिपीत टाइप केलेलं. ज्ञानेश्वरमधल्या ‘ज्ञ’ला कुणी डी-एन लिहितं, कुणी जी-वाय, कुणी जे-एन. नवऱ्याच्या नावावरून बाई शोधायला गेलं की ती तीन ठिकाणी सापडते किंवा कुठेच सापडत नाही. (देवनागरीत नाव लिहायची सोय सक्तीची केली तरी अर्धं काम होईल, पण हे माझं मत झालं.)

हे सगळं किरकोळ वाटेल, म्हणून एक मोठं उदाहरण. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजारांवर महिलांची पाहणी झाली आणि त्यात १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. बहुतेक शस्त्रक्रिया खासगी रुग्णालयांत झालेल्या. एवढ्या बायका, इतकी वर्षं, आणि आरोग्य विभागाच्या कुठल्याही पडद्यावर लाल दिवा लागला नाही. आधी बातम्या आल्या, महिला संघटना बोलल्या, मग सरकारने घरोघर जाऊन विचारलं, तेव्हा आकडा झाला. सहा महिने फडावर आणि सहा महिने गावी राहणारी बाई कोणत्या रकान्यात बसते? माहेरच्या पाहुणीसारखीच तीही दोन्हीकडून निसटते.

याच राज्यात उलटं उदाहरणही आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘शोध’ संस्थेने घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग ३९ गावांत केला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो छापून आला, नवजात मृत्युदर साठ टक्क्यांहून जास्त घटल्याचं जगाने पाहिलं. त्यातल्या उपचारांबद्दल सगळे बोलतात. माझ्यासारखीला भावतं ते हे, की त्या गावांमधलं प्रत्येक बाळ, जगलेलं आणि गेलेलं, आधी मोजलं गेलं होतं. मोजणारी गावचीच होती, आणि मोजलेल्याचा उपयोग तिच्याच गावात झाला.

तर मागणं काय? आपल्या विभागाला विश्लेषक हवेत आणि माझ्यासारखी शेकडो मुलं दरवर्षी १२० तास घेऊन दारोदार फिरतात. ही गाठ घालून द्या. पण घालताना पहिलं काम नावं झाकण्याचं करा. विद्यार्थ्याच्या हाती नाव, नंबर, गाव नसलेलीच माहिती जावी, ती विभागाच्या संगणकावरच राहावी, आणि पहिल्या दिवशी गोपनीयतेचा कागद वाचून, समजावून त्याच्यावर सही घ्यावी. एवढ्याला कुठलं टेंडर लागत नाही, एक परिपत्रक पुरतं.

दुसरं, पहिले तीस तास लॅपटॉप उघडूच देऊ नका. उपकेंद्रात बसवा. सिस्टर एकच माहिती आधी रजिस्टरमध्ये, मग अ‍ॅपमध्ये, मग महिनाअखेरच्या अहवालात कशी उतरवतात ते बघू द्या. आशाताईंबरोबर एक फेरी मारू द्या. कॉलेजकडून नियम येईल की तास ‘संबंधित कामाचे’ हवेत. तेव्हा विभागानेच लेखी सांगावं की हेच ते काम.

पैशाचंही बोलते. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत सहा ते दहा हजारांचं विद्यावेतन आहे, पण शिकत असलेल्यांना ती लागू नाही. माझं निभावलं, कारण एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे आणि जेवण मामींकडे होतं. माझी एक मैत्रीण याच कामाला माझ्यापेक्षा लायक होती, तिला खोलीचं भाडं परवडलं नाही. ती तिच्या गावातल्या मोबाइलच्या दुकानात बिलं करत ओजेटी पूर्ण करून आली.

आणि अडीच किलोच्या मनोऱ्याबद्दल : बैठकीत ‘तुमच्याकडेच का जास्त?’ हा प्रश्न बंद करता येईल का बघा. ज्या उपकेंद्रात एकही कमी वजनाचं बाळ नाही, तिथे जाऊन विचारा की असं कसं. मला वाटतं एका वर्षात आलेख वेगळा दिसेल.

शेवटचं. निघताना त्या सिस्टरनी मला एक काम सांगितलं होतं. त्यांच्या उपकेंद्राचा वर्षभराचा तक्ता हवा होता, एका कागदावर, मराठीत, भिंतीला लावायला. “आम्ही एवढं भरतो, वर जातं. आमचं आम्हाला कधी दिसत नाही.” अर्ध्या तासाचं काम. मी करून कार्यालयात नेला. तिथे सांगण्यात आलं की विभागाचा डेटा असा बाहेर देता येत नाही, वरून परवानगी लागेल. अर्ज द्या. दिला. ज्या बाईने स्वतःच्या हाताने ती बाळं तोलली, तिला तिच्या बाळांचे बिननावाचे आकडे मिळेनात, आणि माझ्या मोबाइलमध्ये आख्ख्या तालुक्याची फाइल नावानिशी पडलेली.

ती फाइल मी त्याच संध्याकाळी पुसली. तक्ता माझ्याकडे घडी घालून ठेवलाय. अर्जाची पोच आहे, तारखेसह, आवक क्रमांकासह. आपल्या कार्यालयातून कुणी मागितली तर पाठवते.

आपली विश्वासू,
संख्याशास्त्राची एक विद्यार्थिनी