तीन झेनर जळाल्यावर भेटलेल्या नानांस

नाना, सादर नमस्कार.

समोर बसून आभार मानले असते, पण तुम्ही कौतुक ऐकूनच घेत नाही, लगेच चहा मागवून विषय बदलता. म्हणून सगळ्यांदेखत लिहितो.

वैशाखात चोपड्याला तुमच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आलो तेव्हा माझ्या खिशात जळालेले तीन झेनर होते, म्हणजे व्होल्टेज ठरावीक मापावर धरून ठेवणारे डायोड. आमच्या केळीच्या मळ्यातल्या खोलीत सोलर पॅनलवर 12 व्होल्टची बॅटरी आहे. रात्रीच्या लाइटीवर पाणी भरताना बाबांना रेडिओची सोबत लागते, सकाळी आकाशवाणी जळगाव. रेडिओ 9 व्होल्टचा. मी करंट आवरायला 15 ओहमचा रेझिस्टर आणि 9.1 व्होल्टचा, 1 वॅटचा झेनर लावून दिला होता. रेडिओ वाजतोय तोवर सगळं ठीक. दुपारी बाबा तो बंद करून जेवायला घरी गेले की झेनर खलास. मला वाटायचं, माल डुप्लिकेट आहे.

“काय व्हयनं रे भाऊ?” असं विचारून तुम्ही कागद पुढे सरकवलात. “रेडिओ बंद असताना करंट कुठे जातो, ते लिही.” भर उन्हात चार्जिंग होताना बॅटरी 14.4 व्होल्टवर. त्यातून 9.1 वजा केले, उरले 5.3. भागिले 15, म्हणजे साधारण 350 मिलिअँपिअर. मोठ्या आवाजातही रेडिओ घेतो 150. तो बंद झाला की सगळा करंट झेनरच्या अंगावर, 9.1 व्होल्टनं गुणला तर तीन वॅटच्याही वर! एक वॅटचा जीव कसा टिकणार?

मी म्हणालो, 5 वॅटचा झेनर द्या. गिऱ्हाईक समोर उभं असताना तुम्ही तो विकला नाहीत, हे मी विसरणार नाही. तुम्ही सांगितलंत, तो तगेल, पण रेडिओ बंद असतानाही बॅटरी तशीच सांडत राहील. झेनरच्या जोडीला पॅरलल पॉवर ट्रान्झिस्टर लावला तरी ताकद वाढते, सांडणं मात्र तेवढंच. “झेनरनं माप सांगावं, ओझं ट्रान्झिस्टरनं उचलावं.”

मग बीडी139 हा ट्रान्झिस्टर काढलात. त्याच्या तीन पायांपैकी कलेक्टर बॅटरीकडे, एमिटर रेडिओकडे, बेस झेनरवर. ट्रान्झिस्टरचा गेन, म्हणजे बेसच्या करंटच्या किती पट तो उचलतो ते, 50 धरला तरी रेडिओच्या 150 मिलिअँपिअरसाठी बेसला लागतात फक्त 3. त्यामुळे 15 ओहमच्या जागी 180 ओहम चालला. बॅटरी 11.5 पर्यंत उतरली तरी त्यातून, पुढे सांगतो तो डायोड धरून, 9 मिलिअँपिअर येतात, आणि 14.4 ला सुमारे 25. म्हणजे झेनरवर पाव वॅटसुद्धा नाही. तोच झेनर, एक वॅटचाच!

बेस-एमिटरमध्ये 0.7 व्होल्ट जातात आणि रेडिओला 8.4 च मिळतात, तेव्हा मी पुन्हा नवा झेनर मागितला. तुम्ही ड्रॉवरमधला एक 4007 हा साधा डायोड झेनरच्या सिरीजमध्ये सुलट जोडलात, त्यानं बेस तेवढाच 0.7 व्होल्टनं वर गेला, आणि मीटर माझ्याकडे फिरवलात. 9.1! वर हेही समजावलंत की उष्णतेनं बेस-एमिटरचा व्होल्टेज अंशाला साधारण 2 मिलिव्होल्टनं घसरतो, डायोडचाही तसाच, त्यामुळे आपल्या 45 अंशांच्या उन्हातही बाहेरचा व्होल्टेज फारसा हलत नाही. एका डायोडमध्ये दोन कामं झालेली पाहून मी थक्क झालो होतो.

ट्रान्झिस्टरच्या पाठीचा पत्रा कलेक्टरला जोडलेला असतो, म्हणून ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसवताना तुम्ही मधे वीज अडवणारा मायकाचा पातळ तुकडा घातलात. माझं बोट त्या पट्टीवर टेकवून विचारलंत, “किती वेळ ठेवता येतं?” ठेवता येत होतं. निघताना बजावलंत की या सर्किटला शॉर्टपासून संरक्षण नाही. वायर चिकटली तर ट्रान्झिस्टर जाईलच, पण बॅटरीच्या तोंडाशी फ्यूज असला तर आग लागणार नाही. तो मी त्याच संध्याकाळी बसवला.

पैसे विचारले तर फक्त ट्रान्झिस्टरचे घेतलेत. दोन तासांचं काहीच नाही.

नाना, उन्हाळा सरला, पावसाळा गेला, झेनर तोच आहे. शेजारच्या मळ्यातल्या भावालाही असंच हवं होतं. त्याला मी तयार करून दिलं नाही, कागद पुढे ठेवला आणि 14.4 मधून 9.1 त्यालाच वजा करायला लावले.

थंडी पडली की मळ्यात भरीत करू. बाबांनी निरोप दिलाय, कळण्याची भाकरी आहे, नानांना घेऊनच ये.

तुमचा ऋणी,
चोपड्याच्या मळ्यातला विद्यार्थी