शिफ्रिन थांबतो ती जागा

सांगली,
रविवार

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर वाद अर्धाच राहिला. तुला मीटिंग आली आणि इकडे मला जेवायला हाका सुरू झाल्या. म्हणून पत्रच लिहितोय, निदान मध्येच तोडता तरी येणार नाही तुला.

तुझं म्हणणं असं की, ‘बुलिट’ या १९६८च्या अमेरिकी चित्रपटातला गाड्यांचा पाठलाग त्यातल्या जॅझमुळे चढतो, आणि ते म्युझिक काढलं तर उरतात नुसत्या पळणाऱ्या दोन गाड्या. अरे, काढणार कुठून? तिथं ते नाहीच! पाठलाग खरा पेटतो त्याच क्षणी म्युझिक बंद होतं, आणि पुढची सात-आठ मिनिटं एक सूर वाजत नाही. इंजिनं, टायर, बंदुकीचे बार आणि धडका, बास.

असं वाटणारा तू एकटा नाहीस, हे आधीच सांगून टाकतो. त्या चित्रपटाची एलपी निघाली तेव्हा त्याचा संगीतकार लालो शिफ्रिन यानं ते सगळं संगीत नव्यानं बांधून, जरा गुळगुळीत करून वाजवलं होतं. चित्रपटात वाजतं ते मूळ ध्वनिमुद्रण लोकांच्या हाती पडायला पुढं कित्येक वर्षं गेली. त्या एलपीवर ‘शिफ्टिंग गिअर्स’ नावाचा तुकडा आहे, तुझ्या मामांनी कॅसेटवर भरून आणलेला. आपण चित्रपट पाहिला एकदा, तोही भाड्याच्या व्हीसीआरवर, आणि कॅसेट मात्र झिजेपर्यंत ऐकली. मग डोक्यात दोन्ही एकत्र होणारच. मी या आठवड्यात तो भाग पुन्हा नीट, हेडफोन लावून पाहिला, तेव्हा आता ऐक.

पोलिस झालेल्या नायकाची, स्टीव्ह मॅक्वीनची, हिरवी मस्टँग. १९६८ची फास्टबॅक, ३९० इंजिन. तिच्या मागे काळी डॉज चार्जर, ४४० मॅग्नम इंजिनची. चार्जरमध्ये दोघं भाडोत्री मारेकरी, गाडी चालवतोय बिल हिकमन. तो नट कमी आणि स्टंट ड्रायव्हर जास्त, म्हणून त्याच्या चेहऱ्यावर अभिनय म्हणून काही नाही, आणि तेच फार भारी दिसतं. ‘शिफ्टिंग गिअर्स’ वाजतं ते इथं. गाड्या अजून हळू चालल्या आहेत. बेसची एक छोटी ओळ फिरून फिरून येते, वर तालवाद्यं, मध्येच ब्रासचा, म्हणजे ट्रंपेटसारख्या पितळी वाद्यांचा, एखादा फटकारा. मस्टँग एका चढावर दिसेनाशी होते. हिकमन इकडेतिकडे बघतो. आणि मग त्याच्या आरशात, मागच्या चढाच्या माथ्यावरून, मस्टँगचं नाक हळूच वर येतं. ज्याचा माग काढत होतो तोच आता आपल्या मागावर! हे सगळं एका आरशात दाखवलंय, एक शब्द न बोलता.

पुढं चौकात गाड्या थांबतात. हिकमन सीटबेल्ट ओढतो आणि खटकन लावतो. क्षणभर काहीच होत नाही. मग टायर किंचाळतात, चार्जर डावीकडे झेप घेते, आणि म्युझिक तिथंच तुटतं. हळूहळू विरत वगैरे नाही. तुटतं.

ही कल्पना खुद्द शिफ्रिनची. दिग्दर्शक पीटर येट्सला पाठलागावर संगीत हवं होतं आणि संगीतकारच नको म्हणाला. पाठलागाच्या आधीपर्यंत मी ताण चढवतो, पुढचं काम इंजिनांना करू दे, असा त्याचा हिशेब. आपली सात-आठ मिनिटांची सगळ्यात मोठी संधी स्वतःहून सोडून देणारा संगीतकार मला तरी दुसरा आठवत नाही. आपल्याकडे तर पाहुण्या कलाकाराला दोन मिनिटं कमी मिळाली तरी रुसवेफुगवे होतात!

आता तू म्हणशील, मग यात जॅझ कुठे राहिला? तर इथंच आहे, आणि तुझ्यासारख्या तबल्यावर बसलेल्या माणसाला हे पटायला हवं. जॅझमध्ये ‘ब्रेक’ नावाची एक चीज असते. सगळा बँड एका मात्रेवर गपकन थांबतो आणि एकटा वादक दोन-चार आवर्तनं लयीला धरून, पण कुणाचाही आधार न घेता वाजवतो. आपल्याकडे तबला एकट्याचा असला तरी खाली लेहरा, म्हणजे हार्मोनियम-सारंगीवर फिरत राहणारी धून, चालूच असतो, तो धरून ठेवतो. इथं लेहराही काढून घेतात. १९४६ साली सॅक्सोफोनवाल्या चार्ली पार्करनं ट्रंपेटवाल्या डिझी गिलेस्पीच्या ‘अ नाइट इन ट्युनिशिया’मध्ये असा एक ब्रेक वाजवला, चार आवर्तनांचा, काही सेकंदांचा. तो इतका गाजला की पुढं तेवढाच तुकडा वेगळा काढून रेकॉर्डवर आला.

आणि शिफ्रिन कोण? तर गिलेस्पीचा पियानोवाला. मूळचा ब्युनोस आयर्सचा, १९३२चा जन्म. वडील तिथल्या वाद्यवृंदात व्हायोलिनवादक. पॅरिसला दिवसा मेसियाँ या संगीतकाराच्या वर्गात बसायचा आणि रात्री क्लबात जॅझ वाजवायचा. १९५६ साली अमेरिकन सरकारनं गिलेस्पीला दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावर धाडलं, तेव्हा ब्युनोस आयर्समध्ये त्यानं या पोराला ऐकलं आणि अमेरिकेला ये म्हणाला. (याच सरकारी योजनेतून जॅझ पियानोवाला डेव्ह ब्रुबेक १९५८ साली मुंबईत वाजवून गेला.) १९६० ते ६२ शिफ्रिन गिलेस्पीच्या बँडमध्ये होता. बँडनं कुठं थांबायचं आणि एकट्याला कुठं मोकळं सोडायचं, हे त्यानं रोज रात्री स्टेजवर बसून पाहिलेलं. माझं म्हणणं एवढंच, की तो पाठलाग म्हणजे सात-आठ मिनिटांचा ब्रेक आहे. बँडनं सम दाखवली आणि हात काढून घेतले. सोलो मस्टँगचा.

‘मिशन इम्पॉसिबल’ची धूनही त्याचीच, १९६६ची. ती तू झपताल धरून एकदा मोजून बघ, मजा येईल. दहा मात्रा बरोबर बसतात, समेवर येतोस, पण आत सगळी गडबड. झपताल दोन-तीन-दोन-तीन, आणि ही धून तीन-तीन-दोन-दोन. टाळी द्यायला जाशील आणि हात हवेत राहील. माणूस जून २०२५मध्ये गेला, त्र्याण्णव वर्षांचा होऊन. इथल्या पेपरात त्याच धुनेचा उल्लेख करून दोन ओळी आल्या आणि विषय संपला.

बरं, सोलो म्हटलं की तो कुणीतरी बांधावाही लागतो. इथं तो बांधला संकलक फ्रँक केलरनं, आणि त्याला त्याबद्दल ऑस्कर मिळालं. नुसतं ऐकत बस. चढावर इंजिन घुमतं, माथ्यावर गाडी हवेत जाते तेव्हा चाकं मोकळी फिरतात आणि आवाज एकदम वर चढतो, खाली आपटली की धप्प. पुढचा चौक सपाट, पुन्हा उतार, पुन्हा धप्प. सॅन फ्रान्सिस्कोचे रस्ते असे पायऱ्यांसारखे आहेत म्हणून हा ठेका मिळाला. सपाट गावात हा पाठलाग झाला असता तर नुसता गोंगाट झाला असता. त्यात गिअर बदलल्याचे आवाज. चार गिअरची गाडी, पण वरचा गिअर पडल्याचा आवाज इतक्या वेळा येतो की तिला डझनभर तरी गिअर असावेत! ते सगळं नंतर चढवलेलं आहे, आणि मला त्याचं काही वाटत नाही. आवाजालाही ऑस्करचं नामांकन होतं.

चुका तर इतक्या आहेत की त्या शोधणं हा लोकांचा छंद झालाय. एक हिरवी फोक्सवॅगन बीटल आहे, गाड्या तिला ओलांडतात, परत ओलांडतात, आणि ती आपली पुन्हा पुढे हजर. कारण एकाच उताराचं चित्रण वेगवेगळ्या कॅमेऱ्यांतून झालं आणि केलरनं ते एकापुढे एक लावलं. चार्जरची चाकांवरची झाकणं निखळून पडतात ती चारपेक्षा जास्त आहेत. गाड्या एका कोपऱ्यावर वळतात आणि निघतात थेट दुसऱ्याच टेकडीवर. तू तिथं राहतोस, तुझा तर जीवच जाईल बघताना.

पण एक चूक मात्र सोन्यासारखी. एका वळणावर मस्टँग वेगात पुढे निघून जाते, मॅक्वीन ब्रेक दाबतो, गाडी मागे घेतो, टायरमधून नुसता धूर. ते लिहिलेलं नव्हतं, त्याचं वळण खरंच चुकलं. येट्सनं ते ठेवलं. कुठल्याही चांगल्या मैफलीत अशी एखादी जागा असतेच की नाही? सुटता सुटता धरलेली.

सगळं ड्रायव्हिंग मॅक्वीनचं नाही, हेही खरं. अवघड उड्या बड एकिन्स आणि इतर स्टंटवाल्यांच्या आहेत. मोटरसायकल घसरवत रस्त्यावर लोळणारा तोसुद्धा एकिन्सच. तरी कॅमेरा गाडीच्या आत ठेवलाय आणि आरशात मॅक्वीनचा चेहरा दिसतो तेव्हा खात्री पटते, की हा बाबा खरोखर चालवतोय. वेग ताशी ११० मैलांच्या वर गेला होता म्हणतात, म्हणजे आपल्या हिशेबानं पावणेदोनशे किलोमीटर. आपण तुझ्या लुनावरून मिरजेला जायचो तेव्हा चाळीसलाच तुझे हात कापायचे, ते असो.

आता दुसरं एक सांगतो, ते तुला माहीत नसणार. ‘बुलिट’चा निर्माता फिलिप डँटोनी यानं पुढं १९७१ साली ‘द फ्रेंच कनेक्शन’ काढला. ड्रायव्हर पुन्हा हिकमन. या खेपेला ब्रुकलिनमध्ये, डोक्यावरून जाणाऱ्या लोकलच्या पुलाखालून गाडी पळते, वर गाडीत गुन्हेगार. दिग्दर्शक फ्रीडकिन सांगायचा, की तो पाठलाग त्यानं सँताना या रॉक बँडच्या एका गाण्याच्या लयीवर कापला आणि मग गाणं काढून टाकलं. आणि या चित्रपटाचा संगीतकार कोण? डॉन एलिस, जॅझचा ट्रंपेटवाला, ज्याला विषम मात्रांचं वेड होतं. ते वेड लावलं आपल्या हरिहर राव यांनी. रविशंकरांचे शिष्य, लॉस एंजलिसला शिकवायचे. एलिस त्यांच्याकडे ताल शिकला आणि दोघांनी मिळून ‘हिंदुस्तानी जॅझ सेक्स्टेट’ नावाचा गट काढला. म्हणजे आपला ताल पचवलेला माणूस, हाताशी अख्खा बँड, आणि पाठलागावर पुन्हा शांतता. यालाही संकलनाचं ऑस्कर. दोन्ही वेळा जॅझवालाच गप्प बसला हा मला योगायोग वाटत नाही. रिकाम्या जागेची भीती न वाटणं हे त्यांच्या हाडात असतं.

आपल्या हिंदी चित्रपटांना मात्र मी नावं ठेवणार नाही, तू ठेवतोस तशी. त्याच काळात मुंबईत ब्रास वाजवणारे, स्वरलेखन करणारे गोव्याचे लोक, चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड, सेबॅस्टियन डिसोझा, यांना जॅझ काही कमी कळत नव्हता. चिक तर ताजमध्ये बँड घेऊन वाजवायचा. पण बाहेरच्या चित्रीकरणाचा आवाज वापरायची पद्धतच नव्हती, सगळं नंतर स्टुडिओत डब व्हायचं. इंजिनाचा धड आवाजच हाताशी नाही, तर शांत बसून ऐकवणार काय? म्हणून त्यांनी ट्रंपेट लावले. राग येतो तो आताच्यांचा. पन्नास माइक लावून टायरखालचा खडा टिपतात आणि त्यावर ढोल बडवत बसतात.

त्याच ‘बुलिट’मध्ये उलटाही एक प्रसंग आहे. युनियन स्ट्रीटवरच्या कॉफी कँटाटा नावाच्या हॉटेलात मॅक्वीन आणि त्याची नायिका जॅकलिन बिसेट जेवायला बसलेत आणि तिथं जॅझची चौकडी वाजवतेय, बासरी पुढे. मंडळी काय बोलताहेत ते जवळजवळ ऐकूच येत नाही. बोलणं आहे तिथं संगीत, धावपळ आहे तिथं काही नाही. कळलं ना कुणी कसं बसवलंय ते?

आता तुझं काम. तू सॅन फ्रान्सिस्कोजवळ फ्रीमाँटला राहून इतकी वर्षं झाली आणि कधी पाठलागातल्या त्या टेलर स्ट्रीटच्या उतारावरून गाडी घातली नाहीस, म्हणजे कमाल आहे. एका रविवारी पहाटे जा, वाहतूक नसताना. नंतर ब्रिस्बेनजवळचा ग्वादालूप कॅनियन पार्कवे, पाठलागाचा शेवट तिथला, ते पेट्रोल पंपाचं भडकणं सगळं. (चार्जर खरं तर पंपाच्या बाजूनं निघून जाते आणि स्फोट आपला वेगळाच होतो, नीट बघ.) पण तुझ्या त्या इलेक्ट्रिक गाडीतून जाऊ नकोस. बिनआवाजाच्या गाडीत जाऊन तुला काय घंटा कळणार मी काय म्हणतोय ते!

मॅक्वीनची मूळ मस्टँग जानेवारी २०२०मध्ये लिलावात ३४ लाख डॉलरला गेली. त्याआधी ती एका कुटुंबाकडे होती, १९७४ साली सहा हजारांत घेतलेली, आणि मॅक्वीननं स्वतः १९७७मध्ये पत्र लिहून ती परत मागितली तरी त्यांनी दिली नाही. तेव्हा ती सोड. साधी मस्टँग दिवसाच्या भाड्यानं मिळते का ते बघ. पेट्रोलवाली, गिअरची, ऑटोमॅटिक नको. मी डिसेंबरात आलो तर अर्धं भाडं माझं, पण चालवणार मी. वहिनींना आत्ताच काही सांगू नकोस.

काका-काकूंना नमस्कार, पिंट्याला आशीर्वाद. उत्तर लिहून पाठव, फोनवर तू ऐकून घेत नाहीस.

तुझा,
श्रीपाद